‘दार तुझे बंद’ किती जोरात म्हणायचं

निशिगंधाताईंच्या थायरॉईडच्या गाठीचं ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आणि त्यांचा वरचा आवाज गेला. बोलायला काही अडचण नव्हती. पण भजनात वरच्या पट्टीत जायचं म्हटलं की नुसती हवा यायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता एवढाच राहील. आमच्या शांती नगरच्या भजनी मंडळात ताईच पुढे म्हणायच्या, आम्ही मागून. त्यामुळे त्या दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्या गुरुवारी माझ्याकडे सगळ्याजणी जरा अवघडूनच बसलो होतो.

हंसाबेन आमच्या मंडळाच्या प्रमुख. जन्म भावनगरचा, पण अभंग म्हणायला लागल्या की कुणाला पटायचं नाही. त्यांनी मायेनंच विषय काढला. “निशी, तू आता दगदग करू नको. दाराजवळ बस. आलं-गेलं बघ, प्रसादाचं बघ.”

ताई म्हणाल्या, “प्रसाद वाटायला मी मंडळात आले नव्हते, हंसाबेन.”

“मग काय करणार?”

“ऐकणार.”

“ऐकायला तर देव बसलाय,” हंसाबेन म्हणाल्या. सगळ्या हसल्या. ताईही हसल्या, पण उठून दाराजवळ काही गेल्या नाहीत. आमच्यासमोर, देवाकडे पाठ नको म्हणून जराशा तिरक्या बसल्या.

ताईंचं ऐकणं म्हणजे काय ते माहीत असायला हवं. मूळच्या गिरगावातल्या. लग्नाआधीपासून टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलच्या काळात दिवसभर कानाला हेडफोन. त्या सांगायच्या, नंबर मागणाऱ्याच्या पहिल्या दोन शब्दांवरून कळायचं, हा बारशाचं सांगणार आहे की मयताचं. “शब्दांवरून नाही हो आशाताई. नंबर तर सगळे सारखेच सांगतात. आवाज कुठे चढतो, शब्द कुठे तोडतो, कुठे दबतो, यावरून माणूस सापडतो.” पुढे खात्यातून लवकर निवृत्ती घेऊन मीरा रोडला आल्या, पण कान काही निवृत्त झाला नाही. त्यांचे मिस्टर ईश्वरभाऊ म्हणायचे, “आमच्या घरात भांडण करता येत नाही. मी तोंड उघडायच्या आधीच हिला कळलेलं असतं.”

तर त्या दिवसापासून ताईंनी भजनांच्या कागदांवर पेन्सिलीनं रेघा काढायला सुरुवात केली. ओळीखाली एक रेघ, चाल चढली की वर जाणारी, उतरली की खाली. शब्द तुटतो तिथे उभी छोटी खूण. आवाज मोठा तिथे रेघ जाड, लहान तिथे बारीक. माझी नात म्हणायची, आजी, हे डोंगर कुणी काढले?

मला सुरुवातीला ते काही पटलं नव्हतं. मी रोज पहाटे उठून गुरुचरित्र वाचणारी बाई. देवाच्या गाण्याची कसली मोजमापं? हंसाबेन तर उघडच बोलल्या, “देवाला भाव समजतो. त्याला रेघा कशाला पाहिजे?”

ताई म्हणाल्या, “देवाला समजतो हो. आपल्याला नको समजायला?”

आता जिजाबाईंचं सांगते. जिजाबाई भाईंदरच्या खारी गावच्या. आमच्या सेक्टरच्या मार्केटात मासे विकायच्या. गुरुवारी इथल्या बिल्डिंगांमध्ये मासळीला गिऱ्हाईक नसायचं, म्हणून त्या दिवशी न्हाऊन, डोक्यात अबोलीचा गजरा माळून थेट भजनाला यायच्या. पहिल्या दिवशी हंसाबेन त्यांच्यापासून चार हात लांब बसल्या. महिना गेला नसेल, त्यांच्याच टाळावर मान डोलवायला लागल्या. जिजाबाई स्वतः अभंग रचायच्या. लिहिता येत नव्हतं, सगळं तोंडी. शेवटचा रचला तो ईश्वरभाऊंनी माझ्या घरी टेपवर उतरवून घेतला, त्या दिवशी बाकीच्या बायका अजून यायच्या होत्या. पुढे दोनेक महिन्यांतच जिजाबाई गेल्या. आम्ही तो अभंग त्या कॅसेटवरूनच शिकलो.

उंबऱ्याशी आले । दार तुझे बंद ।
फटीतून मंद । उजेड ये ।।
हाक मारू किती । कोरडला गळा ।
आत तू सावळा । ऐकसी ना ।।

दर वर्षी जिजाबाईंच्या पुण्यतिथीला खारीला त्यांच्या घरी जाऊन आम्ही तो म्हणायचो. पहिल्या कडव्यात ‘दार तुझे बंद’ला सगळ्या एकदम आवाज खाली न्यायच्या, अगदी कुजबुजल्यासारखा, आणि ‘फटीतून मंद’ला एकदम मोकळा सोडायच्या. कॅसेटवर तसंच होतं. हंसाबेन नव्या बायकांना शिकवायच्या, “दार बंद, म्हणून आवाज पण बंद. जिजाबेननं किती विचार केला बघा.” एरवी कधी देवळात म्हटला तरी बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

पुण्यतिथीला दोन आठवडे असताना तालीम चालू होती. कडवं संपलं आणि ताई म्हणाल्या, “हे उलटं आहे.”

“काय उलटं?”

“आवाज. आपण दाराशी हळू म्हणतोय आणि उजेडाशी मोठ्यानं. जिजाबाईंनी असं म्हटलेलं नाही.”

हंसाबेननी टाळ खाली ठेवले. “कॅसेटमध्ये आहे ना! तू स्वतः पण असंच गात होती. तीन वर्षं!”

“गात होते तेव्हा मला माझाच आवाज ऐकू यायचा. आता तोंड मिटलंय, तर जिजाबाई ऐकू येतायत.”

“निशी, एक बोलू? तुझा गळा गेला, म्हणून आता आमच्या गळ्यात खोट काढते तू.”

मी उगीचच समईची वात पुढे सारली. हंसाबेननाही बोललेलं लागलं असणार, पण शब्द गेला होता.

ताईंचा चेहरा उतरला, तरी आवाज सरळ होता. “पुढच्या गुरुवारी मी दाखवते. चुकले, तर मंडळात पुन्हा येणार नाही. प्रसादालाही नाही.”

ईश्वरभाऊ नंतर मला जिन्यात म्हणाले, “तुम्ही जरा समजवा. हिला घरी बसवली तर मी मेलो.” हसत म्हणाले, पण त्यांच्या डोळ्यांत हसू नव्हतं. मला कळत होतं. ताईंचा मुलगा निहार नोकरीला बंगलोरला. आता गळाही गेला. गुरुवारही गेला तर राहिलं काय? मी त्या आठवड्यात दत्तापुढे रोज एक माळ जास्त ओढली. कोण बरोबर ते तू बघ, म्हटलं, पण बाईला घरी बसवू नकोस.

गुरुवारी ताई आल्या त्या कागदाची घडी घेऊनच. म्हणाल्या, “आधी चाल बघा.” हार्मोनियमवर बोटानं एकेक सूर दाबत त्यांनी दाखवलं. ‘उंबऱ्याशी आले’ एकाच सुरावर उभं आहे, बाई दाराशी येऊन थांबली तसं. ‘दार तुझे बंद’ला चाल चढते, अख्ख्या अभंगात सगळ्यात वर. ‘फटीतून मंद’ एकेक पायरी उतरतं आणि ‘उजेड ये’ खालच्या सा वर टेकतं.

“वर चढलेला सूर कुजबुजत कोण म्हणेल? आणि आता शब्द ऐका.” त्यांनी टेप लावला. “दार. तुझे. बंद. प्रत्येक शब्द वेगळा तोडलाय. ही बाई दार ठोठावतेय! आपण तिन्ही जोडून, लांबवून म्हणतो. पुढचं ऐका, ‘फटीतून मंद’ एका श्वासात, कुठे जोड दिसत नाही. उजेडाची तिरीप यावी तसं.”

“सगळं खरं,” हंसाबेन म्हणाल्या, “पण आवाज कमी होतो तो होतोच. कान माझे पण आहेत.”

“होतो ना. आता जिजाबाईंना सोडा. पंखा ऐका.”

“काय?”

“आशाताईंचा पंखा. त्या दिवशी चालू होता. कॅसेटवर घरघर येते बघा.”

ताईंनी पुन्हा लावलं. आम्ही सगळ्या टेपवर वाकून माझ्याच घरातला पंखा ऐकायला लागलो. घरघर, घरघर, ‘उंबऱ्याशी आले’, आणि ‘दार तुझे बंद’ला जिजाबाईंबरोबर पंखाही दबला. टाळही दबला. ‘फटीतून’ला पंखा पुन्हा पहिल्यासारखा.

“माणूस भावनेनं आवाज खाली आणतो,” ताई म्हणाल्या. “पंखा आणत नाही.”

मी पंख्याकडे बघितलं.

“आणि ‘फटीतून मंद’ला पंखा मोठा, टाळ मोठा, पण जिजाबाईंचा आवाज पंख्याच्या मानानं बारीक. त्या तिथे खरंच हळू म्हणतायत. आधीचा तुकडा दबलेला, म्हणून आपल्याला हा मोठा वाटतो. दुसऱ्या कडव्यात बघा, ‘कोरडला गळा’, तीच चाल, तीच जागा. किती खणखणीत म्हटलंय! एकाच बाईनं दाराशी कुजबुजायचं आणि गळा कोरडा पडल्यावर ओरडायचं?”

ताईंनी कॅसेट बाहेर काढली, पेन्सिल घालून फिरवली आणि पट्टी अलगद बाहेर ओढली. वीतभर पट्टी चुरगळलेली होती. चुण्या पडलेल्या, लुगड्याच्या निऱ्यांसारख्या. ‘दार तुझे बंद’ नेमकं त्याच तुकड्यावर होतं, म्हणून तिथे सगळंच दबलेलं.

हंसाबेननी कपाळाला हात लावला. “अरे देवा. हे तर माझ्याकडे झालं. मशीनमध्ये अडकली होती. यतीननं ओढून काढली, गुंडाळली. वाजत होती, म्हणून मी कुणाला बोलले नाही.” यतीन त्यांचा मुलगा. मग त्याच हसायला लागल्या. “म्हणजे तीन वर्षं आम्ही माझ्या मशीनची भक्ती केली!”

हसून हसून आमची पुरेवाट झाली. पण पुढचं सोपं नव्हतं. तोंडात बसलेलं उलटं करायचं होतं. ‘दार तुझे बंद’ आलं की सगळ्यांच्या माना आपोआप खाली जायच्या. ताई समोर बसून हातानं दाखवायच्या. मूठ वर केली की ठोठावा. तळहात हळूहळू खाली आणला की आवाज बारीक, पण शब्द तोडायचा नाही. “बारीक म्हणजे मेलेला नाही, हंसाबेन! हळू म्हणा, पण कडेच्या बाईला कळलं पाहिजे.” हंसाबेन मान हलवत पुन्हा म्हणायच्या. आणि पुन्हा म्हणायच्या.

तरी एक शंका हंसाबेनच्या मनातून जाईना. रिक्षातून खारीला जाताना मला म्हणाल्या, “पंखा बरोबर, पट्टी बरोबर. पण जिजाबेनच्या धन्याला आवडलं नाही तर? दर वेळेला तो रडत उठून आत जातो. तेवढं रडू पण आम्ही काढून घेणार काय?” ताई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं असणार. हातातला कागद पुन्हा उघडून बघितला.

खारीचं जिजाबाईंचं घर आता चारी बाजूंनी बिल्डिंगांत बुडालंय. ओटा तेवढा तसाच. रामनाथबाबा, जिजाबाईंचे मालक, पांढरी टोपी घालून फोटोशेजारी बसले होते. आम्ही बसलो. ताई आमच्या समोर, कडेला.

उंबऱ्याशी आले. सगळ्या एका सुरावर, स्थिर. ताईंची मूठ वर गेली.

दार. तुझे. बंद.

शपथेवर सांगते, भिंतीवरचं कॅलेंडर हललं असेल. रामनाथबाबांनी झटकन मान वर केली. ताईंचा तळहात खाली यायला लागला आणि आमचे आवाज त्याबरोबर उतरत गेले, फटीतून मंद, इतके बारीक, की बाहेर ओट्यावर कोंबडी चोच मारत होती ते ऐकू आलं. उजेड ये.

बाबा उठले नाहीत. दुसऱ्या कडव्याला मांडीवर थाप द्यायला लागले.

संपल्यावर हंसाबेननीच भीत भीत विचारलं, “बाबा, कसं झालं?”

बाबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “खरा सांगू? दर वर्साला तुमी यायच्या, बरा वाटायचा. पन गाना लागला का मना बसवत न्हाय. आमची जिजा दाराशी आली का अख्ख्या गावाला कलायचा. तुमी तिला आजारी करून सोडलेली. मना तिचे शेवटचे दिस आठवायचे, म्हून उठून जायचो.” त्यांनी फोटोकडे बघितलं. “आज बरी हाय ती. आज ठनठनीत हाय.”

हंसाबेन तोंड फिरवून पिशवीत रुमाल शोधत राहिल्या.

“कोनी बसवला ह्यो?” बाबांनी विचारलं.

“हिनं,” हंसाबेन म्हणाल्या आणि ताईंकडे बोट केलं. “आमची निशी. गात नाही. पण तिच्याशिवाय आम्ही पण गात नाही.”

“गात न्हाय तं काय झाला,” बाबा म्हणाले. “म्हनवून घ्या अजून येकदा.”

ताई म्हणाल्या, “म्हणवून घेते. पण आशाताई, ‘सावळा’च्या मध्येच श्वास घेतलात तुम्ही. आधी घ्या.”

मी मान डोलावली. हंसाबेननी टाळ उचलले. एरवी त्या आपल्या आपणच सुरू करतात, कुणासाठी थांबत नाहीत. त्या दिवशी टाळ हातात धरून, ताईंचा हात वर जाईपर्यंत बसून राहिल्या.