कुंकू लावलेली रेकॉर्ड

इथे परदेशात, अर्विंग शहरातल्या भारतीय दुकानात काल दसऱ्यासाठी झेंडू आले. त्या उग्र वासानं मी एकदम आठ वर्षांचा झालो.

त्या खंडेनवमीला बाबांनी गिटारीशेजारी आपली लाडकी रेकॉर्डही पूजेत मांडली होती. कव्हरवरच्या इंग्रज गिटारवाल्याच्या कपाळाला कुंकू लावलं होतं. इंग्लंडात वाढलेल्या सुमाआत्यानं ते पाहिलं.

"सुधीर, ह्याला पुजतोस? ह्यानं भर कॉन्सर्टमध्ये आम्हाला 'देशातून चालते व्हा' म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेबाहेर पोरांनी तेच ओरडत माझे दात पाडले!"

"ताई, म्युझिक वेगळं, माणूस वेगळा."

आत्यानं रेकॉर्ड बाहेर काढून ओट्याच्या कडेवर हाणली. पुन्हा हाणली. काळे तुकडे उडाले आणि तिच्या तळहातातून रक्त झेंडूंवर ठिबकलं. मी किंचाळलो. मला ती वेडी वाटली. आज मात्र बाबांचं ते शांत वाक्यच मला जास्त हिंस्र वाटतं.

तुकडे गोळा करताना बाबांचा पाय एकाला लागला. सवयीनं नमस्कारासाठी त्यांचा हात खाली गेला आणि अर्ध्यावरच थांबला. त्यांनी आत्याकडे पाहिलं.

"लागलं का गं, ताई?"

"आत्ता विचारतोस?" आत्या म्हणाली.