शफीकचाचांची बिटिया

प्रज्ञा कधी कुणाच्या मागून गुपचूप येत नसे. जिन्यापासूनच तिचं सुरू व्हायचं, "काकू, मैं आ रही हूँ, हाँ!" मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "घोड़े को चौंकाना नहीं चाहिए. इन्सान को भी नहीं."

विकास नगरमध्ये आमच्या वरच्या मजल्यावरच्या वानखेड्यांची ही धाकटी. वडील मूळ वर्ध्याचे, सरकारी नोकरीत. घरात सगळे मराठी बोलत. इथेच, हिंदी मुलखात वाढलेल्या प्रज्ञाचं उत्तर मात्र हिंदीत.

तिला घोड्यांची डॉक्टर व्हायचं होतं. बारावीनंतर प्रवेश परीक्षेत ती मागे पडली, तेव्हा वडील म्हणाले, "बँकेची परीक्षा दे आता. घोडे उरलेत किती?"

"जितने बचे हैं, बाबा, उनको भी तो कोई चाहिए ना."

बाबा पेपर उचलून गॅलरीत गेले.

आमच्या कॉलनीमागच्या वस्तीत शफीकचाचांचा तबेला होता. शबनम ही त्यांची पांढरी घोडी लग्नाच्या वरातींना जायची. प्रज्ञा रोज सकाळी तिला खरारा करायची, खुरांतली घाण काढायची. बँडच्या दणदणाटात शबनम बिथरायची, म्हणून वरातीतही प्रज्ञा तिच्या मानेवर हात ठेवून चालायची. "लोकांच्या वरातीत माझी पोरगी घोडी धरून!" म्हणत तिची आई माझ्यापाशी येऊन रडायची. चाचांना मूलबाळ नव्हतं. "एक बिटिया ये, एक बिटिया वो," असं ते दोघींकडे बघून म्हणायचे.

त्या हिवाळ्यात शबनमच्या नाकातून पिवळट, चिकट स्राव येऊ लागला. मागच्या पायावर गाठी उठल्या. चाचा म्हणाले, सर्दी आहे. प्रज्ञाला ग्लँडर्सची शंका आली. हा रोग माणसालाही होतो, आणि घोड्याला झाला तर त्याला मारावंच लागतं.

"चाचा, खून की जाँच करानी पड़ेगी."

"और निकल आया तो, बिटिया?"

ती घरी येऊन धड जेवेना, अभ्यासाला बसेना. शेवटी सरकारी पशुवैद्यकांना तिनंच फोन केला.

रोग निघाला. इंजेक्शन द्यायला माणसं आली, तेव्हा चाचांना आणि तिला दोरीपलीकडे उभं केलं होतं. शबनम गुडघ्यांवर आली, मग आडवी झाली. चाचांनी तिकडे बघतच विचारलं, "तूने ही बुलाया था ना इन्हें?"

"हाँ, चाचा."

प्रज्ञाचंही रक्त तपासलं. निकाल येईपर्यंत तिची आई देवळात बसावं तशी दाराशी बसून होती. सुदैवानं काही निघालं नाही. चाचा तबेला बंद करून मेहुण्याकडे मलिहाबादला गेले, आंब्याच्या बागेत राखणीला.

पुढच्या परीक्षेत प्रज्ञाला बाहेरगावच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी ती मलिहाबादला चाचांना सांगायला गेली. परतली ती थेट माझ्या स्वयंपाकघरात, न बोलता येऊन उभी राहिली.

"रागावले का गं?"

"नहीं काकू. चारपाई पर बिठाया, शरबत पिलाया. बोले, आप ख़ूब तरक़्क़ी कीजिए." ती रडू लागली. "मुझे 'आप' बोले, काकू."

मी तिला जवळ घेतलं. मग विचारलं, "पुन्हा अशी वेळ आली, तर करशील फोन?"

"करना तो पड़ेगा," ती म्हणाली, आणि डोळे पुसून बॅग भरायला वर गेली.