पळत्या पोराचा भाव

माझ्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा ‘आई’ अशी हाक मारली, ती दुसऱ्याच बाईला. आणि त्या बाईला मी महिन्याला पंधरा रुपये मोजत होते!

ती बाई म्हणजे यशोदा. (नावातच धोका होता, पण असलं काही आपल्याला वेळेवर कळतं थोडंच!) आम्ही फणसवाडीतल्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. हे बँकेत, मी फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट, आणि आमची शकू सव्वा वर्षाची. आम्ही दोघं बाहेर पडलो की संध्याकाळपर्यंत तिला सांभाळायला यशोदा यायची. मालवणकडची, अंगाने भक्कम, आणि आवाज असा की ती आमच्या गॅलरीत बोलली की खाली वाण्याचा हात तराजूवर थांबायचा. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. हे बँकेतून परस्पर सभेला जायचे आणि घसा बसवून घरी यायचे. जगातल्या झाडून सगळ्या मागण्या ह्यांना न्याय्य वाटायच्या. मी नवं लुगडं मागितलं की तेवढी एक सोडून!

तर त्या संध्याकाळी मी ट्रामने आले, तीन जिने चढले, धापा टाकत दारात उभी राहिले आणि दोन्ही हात पसरून म्हटलं, “शकूऽ, कोण आलं बघ!”

शकूने बघितलं. बघून झाल्यावर वळली, यशोदाच्या पदराला लोंबकळली आणि अगदी स्पष्ट म्हणाली, “आई!”

“हे तुम्ही शिकवलंत हिला?” मी विचारलं.

“माका काय गरज, वयनी? पोरगी आपणच बोलली!” यशोदा म्हणाली. आणि हसली. आता बोलली ते बोलली, पण हसायचं काय कारण होतं? माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणता! बायका सवतीचा मत्सर करतात, जावेचा करतात. मी मूल सांभाळणाऱ्या बाईचा केला, आणि अगदी मन लावून केला. तिच्या हातचं शकू दोन वाट्या भात खायची; माझ्या हातचं थुंकायची. तिच्या मांडीवर डोळे मिटायची. माझ्या मांडीवर उभी राहून माझं कुंकू पुसायची. आणि संध्याकाळी यशोदा घरी जायला निघाली की असा हंबरडा फोडायची की नवा माणूस विचारत वर यायचा, “कुणी गेलं का हो?”

“गेलं नाही, मी आलेय,” असं सांगायची माझ्यावर वेळ!

एकदा हरताळ होता. कचेऱ्या बंद, ट्राम बंद, यशोदाही तिच्या घरी. मी मनातून हरखले. म्हटलं, आज दिवसभर शकू माझी! मी शिरा केला, गोष्टी सांगितल्या, घोडा घोडा केलं. शकू उंबरठ्यावर बसून जिन्याकडे डोळे लावून होती. पाऊल वाजलं की, “आई?”

“अगं, मी इथे आहे ना!” मी म्हणाले.

तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी आपण मुक्काम वाढवलेल्या पाहुणीकडे बघतो. घोडा झालेली मी तशीच ओणवी राहिले.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात यशोदाने पगारवाढ मागितली.

“वयनी, पंधरात आता परवडूचा नाय. वीस करा.”

“का म्हणून? मूल तेच आहे!”

“त्याच कसा? ठरवलात तेव्हा पोरगी ठेवली थंय रवायची. आता धावता! पळत्या पोराचो भाव वेगळो.”

मी मासळीबाजारातली रीत वापरायची ठरवली. तिथे कसं, आपण पाठ फिरवून चालायला लागायचं, म्हणजे कोळीण मागून हाक मारते. मी ताडकन पाठ फिरवली आणि चालू लागले. चार पावलांवर मोरी आली! स्वतःच्या एका खोलीतून माणूस चालून जाणार कुठे? मागून हाक काही येईना. मोरीत उभं राहून मी उगाचच एक घासलेलं पातेलं पुन्हा घासलं आणि परत आले.

“अगं, देऊन टाक,” हे कोपऱ्यातून बसक्या आवाजात म्हणाले. “मागणी न्याय्य आहे. बाई मायेने करते.”

माया! नेमका तोच शब्द! वर ह्यांनी जोडलं, “तिच्या हातचं बांगड्याचं तिखलंसुद्धा...” मी बघितलं मात्र, ह्यांनी ते वाक्य तिथेच गिळलं. पण व्हायचं ते झालंच. मी म्हटलं, “यशोदाबाई, मला माया नकोच आहे. नुसतं सांभाळा. पोर पडू नये, हरवू नये, एवढंच. आंघोळ मी घालीन, भरवीन मी, झोपवीनही मीच. कडेवर घ्यायचं नाही, गाणी म्हणायची नाहीत. काम कमी, तर पगार बारा.”

वाटलं होतं, आता ही भांडेल. यशोदाने तोंडातलं पान या गालातून त्या गालात नेलं.

“बारा तर बारा! माया सोडून ना? बरा झाला, माझे हात तरी दुखाचे नाय.”

झालं! मी जिंकले! त्या दिवशी मी कचेरीत मिरवत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून शकूला आंघोळ घातली. तिने मलाही घातली. घाईघाईने चार घास भरवले, ते माझ्या खांद्यावर घेऊन मी ट्राम पकडली आणि तरी उशिरा पोचले. साहेबाने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरच्या भाताकडे. पण मी म्हटलं, असू दे. संध्याकाळी आपली शकू आपल्याला मिळणार! तीन जिने चढून गेले, तर यशोदा तोंडावर बोट ठेवून दारात.

“शूऽ! आताच निजली. आपणच हां! मी हात पण लावूक नाय!”

गोम अशी होती (ती माझ्या डोक्यात आधी येऊ नये?) की दुपारी शकूला कोणी झोपवतच नव्हतं. करार होता ना! दिवसभर पोर जागी, गॅलरीभर पळणार, यशोदाशी लपंडाव खेळणार, आणि मी यायच्या सुमाराला दमून ढाराढूर! पूर्वी निदान मी आल्यावर रडायची तरी. आता रडणंही गेलं. जागी शकू सगळी यशोदाची, आणि झोपलेली तेवढी माझी. अन् एवढं करून पगार कापला होता मी!

यशोदाने करार पाळला, पण कसा? शकू पदर ओढायला लागली की सबंध चाळीला ऐकू जाईल असं म्हणायची, “नको गो बाय! तुझ्या आवशीन मायेचे पैशे कापल्यान!” शकूला तो नवा खेळच वाटला. ती टाळ्या पिटायची आणि दुप्पट चिकटायची. गॅलरीतल्या बायका माझ्याकडे बघून पुटपुटायच्या. मी भिंतीकडे बघत नळावर जायची.

अशात शेजारच्या मालतीबाईंनी संधी साधली. त्यांचा बाळू शकूहून थोडा मोठा. त्याचे दात आधी आले, चालला आधी, आणि हे सगळं त्या मला न विचारता सांगत. शनिवारी अर्धा दिवस असतो म्हणून मी दुपारीच घरी आले, आणि बघते तर काय! यशोदाच्या कडेवर बाळू! आणि खाली आमची शकू तिचा पदर धरून ओक्साबोक्शी रडतेय. माझं टाळकंच फिरलं. ती कंबर आमच्या शकूची होती!

“यशोदाबाई, खाली ठेवा त्याला!”

“कित्याक? तुमच्या बारा रुपयात कडेवर घेणा बसणा नाय. बाळूच्या आवशीन वीस सांगल्यान. मायेसकट!”

“वीस?” मी ओरडले. “मी एकवीस देईन!”

“बावीस!” दारामागून मालतीबाई.

“तेवीस! आणि सणाला लुगडं!” (मला मेलीला गेल्या दोन दिवाळ्यांत लुगडं नव्हतं!)

सगळी गॅलरी बाहेर आली. खालच्या मजल्यावरची माणसं माना वर करून उभी राहिली. यशोदा मधोमध, एका कडेवर बाळू, पायाशी शकू, शांतपणे पान चघळतेय. चाळीतल्या मुलांना तेव्हा घोषणांशिवाय दुसरं येत होतं काय? त्यांनी सूर लावला, “पगारवाढ झालीच पाहिजे! यशोदाबाईंची पगारवाढ झालीच पाहिजे!”

तेवढ्यात हे बँकेतून आले. जिन्यावरच घोषणा कानावर पडल्या आणि ह्यांच्या अंगात आलं. मूठ उंचावून, उरल्यासुरल्या घशाने, “झालीच पाहिजे!” असं गर्जतच वर पोचले. मग मला हळूच विचारलं, “कोणाची गं?”

“आपल्या यशोदाची!”

“वा! आणि देणार कोण?”

“तुम्ही!”

मूठ अशी खाली आली!

शेवटी पंचवीसवर तोडगा निघाला. आंघोळ, भरवणं, झोपवणं, गाणी, कंबर, सगळं मायेसकट. बाईने मागितले होते वीस. मी भांडून भांडून पंचवीसवर आणले! ह्यांनी पुढे किती दिवस सभेत माझी उदाहरणं दिली असतील, देव जाणे. बाळू खाली उतरला, शकू वर चढली आणि यशोदाच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देत गप्प झाली. ते बघून मला बरंही वाटलं आणि जळजळही झाली.

“पण एक अट,” मी म्हटलं. “आई म्हणायचं ते फक्त मला!”

“त्याचे वेगळे पडतीत,” यशोदा म्हणाली.

पुढे शकू मलाही आई म्हणायला लागली. ‘मलाही’! तो ‘ही’ माझ्या घशात अडकला तो अडकलाच. यशोदा म्हातारी होऊन गावी गेली, तरी शेवटपर्यंत तिचं एकच पालुपद, “माका काय गरज? पोरगी आपणच बोलली!”

आता मी दादरला शकूकडेच असते. ती नोकरीला जाते आणि नातू दिवसभर माझ्याकडे. तो चालायला लागला तेव्हा मी तिला म्हटलं होतं, “शकू, पळत्या पोराचा भाव वेगळा असतो हं!” तिने हसण्यावारी नेलं. मागच्या महिन्यात ती अशीच कचेरीतून आली, दारात उभी राहिली, हात पसरले आणि म्हणाली, “कोण आलं बघ, राजा!”

राजाने बघितलं. मग वळला, माझ्या पदराला लोंबकळला आणि अगदी स्पष्ट म्हणाला, “आई!”

शकूचा चेहरा असा झाला! तो चेहरा मी ओळखत होते. फणसवाडीतल्या आरशात रोज बघितला होता.

“आई, हे तू शिकवलंस त्याला?”

“मला काय गरज? पोरगा आपणच बोलला!” मी म्हटलं. आणि हसले.

(महिनाभर रोज दुपारी घोकून घेत होते त्याच्याकडून. आणि तेही बिनपगारी!)