कॉम्प्युटरने काढलेला ड्रॉ

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला कॅरमची स्पर्धा असायची आणि त्याआधी आठवडाभर ड्रॉवरून भांडण. चिठ्ठ्या सेक्रेटरीकाका काढायचे. पहिल्या फेरीत त्यांच्या वाट्याला हमखास कुणीतरी लिंबूटिंबू यायचं. ही त्यांची चलाखी की नशीब, देव जाणे. पण त्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी मीटिंगमध्ये सरळ सांगितलं, "चिठ्ठ्या पुरे झाल्या आता. ही पोरगी कॉम्प्युटर शिकते ना? मग त्यालाच काढू दे ड्रॉ. त्याला ना कुणी काका, ना मामा!"

ही पोरगी म्हणजे मी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा ते एका छोट्या कारखान्यात लागले होते. तिथे कुणीतरी म्हणालं की पुढे कॉम्प्युटरलाच भाव येणार, म्हणून त्यांनी मला या कोर्सला घातलं. निम्म्या सोसायटीला वाटायचं की मी टायपिंगच्या वरची कुठलीशी परीक्षा देतेय. ड्रॉचं काम मिळाल्यावर माझा भाव एकदम वधारला.

लॅबमध्ये दोघींत एक मशीन असायचं. माझी जोडीदारीण मनोरीची. रोज सकाळी खाडी ओलांडून यायची, आणि चपला बाहेर काढून लॅबमध्ये शिरली की तिच्या पायांची वाळू फरशीवर सांडायची. आम्ही दोघींनी मिळून प्रोग्राम लिहिला. सगळ्यांची नावं टाकली, प्रिंटर करकरला आणि कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर जोड्या आल्या. पहिलीच जोडी: सेक्रेटरीकाका विरुद्ध मावशी.

मावशी शाळेत शिवण शिकवायच्या. कॅरममध्ये त्यांना आमच्याकडे अजून कुणी हरवलं नव्हतं.

काकांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "काहीतरी गडबड आहे गं. परत काढ."

मावशी हसल्या. "काढू दे ना परत. माझं काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही परत काढला. पहिली जोडी तीच. खालच्या सगळ्या जोड्याही त्याच, क्रमसुद्धा तोच. मला घामच फुटला. मैत्रिणीने तिसऱ्यांदा चालवून पाहिला, तरी तेच. मग ती पुस्तक उघडून बसली आणि एकदम म्हणाली, "वाट लागली! अगं, हे मशीन स्वतःच्या मनाने आकडे काढतच नाही. एका आकड्यापासून सुरुवात करून गणित करत जातं. सुरुवात आपण बदललीच नाही, मग उत्तर कसं बदलेल?" सुरुवात बदलायला एकच ओळ हवी होती. ती आम्ही घातलीच नव्हती.

संध्याकाळी सोसायटीत जाऊन मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, ती ओळ घालून उद्या नवीन ड्रॉ आणते. पण आता काकांच्या अब्रूचा प्रश्न झाला होता, कारण मावशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आण हो बाई. काका घाबरलेत."

"घाबरतोय कोण?" काका उसळले. "हाच ड्रॉ राहू दे!"

सामन्याला सगळी सोसायटी जमली. मावशी आरामात पुढे होत्या. मग त्यांनी राणी घेतली आणि कव्हर चुकलं. राणी परत बोर्डावर आली. काकांनी ती घेतली, कव्हर केली आणि उरलेल्या सोंगट्या एकेक करत घालवल्या. शेवटची गेली तेव्हा त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. मावशींनी उठून त्यांच्या पाठीवर धपाटा घातला. "झकास खेळलास रे!"

पुढच्याच फेरीत काका हरले, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. ज्याला त्याला सांगत सुटले, "तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. कॉम्प्युटरला आधीच माहीत होतं!" मी पुष्कळ समजावलं. ऐकतायत कसले!

काका अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्समध्ये होते. माझी शेवटची परीक्षा झाली त्याच सुमारास त्यांच्याकडे कॉम्प्युटर यायचा होता. काकांनी थेट साहेबांना जाऊन सांगितलं, आमच्या बिल्डिंगमध्ये एक मुलगी आहे. इंटरव्ह्यूला गेले तर साहेबांना कॅरमची गोष्ट पाठ. मी शरमेने मान खाली घातली.

साहेब हसून म्हणाले, "अहो, आम्हाला असाच माणूस हवाय. इथे पगाराचा हिशेब करायचाय. दर वेळी तेच उत्तर आलं पाहिजे."

मी लागले. मनोरीची मैत्रीण कॉलेजात शिकवायला लागली आणि मुलांची लाडकी झाली. मला मात्र नोकरीत पहिला धडा मिळाला तो थंडीचा. कॉम्प्युटरच्या खोलीत एसी इतका असायचा की बोटं आखडायची. आईने घाईघाईने एक पिवळाधमक स्वेटर विणून दिला, आणि ऐन मे महिन्यात तो पिशवीत घालून मी ऐटीत घरातून निघायची.