दोन्हीकडची राखीव

ज्या मुली मैदानात खेळतात ना, त्यांच्याकडे किस्से फार नसतात. जिंकलो, हरलो, गुडघा फुटला, संपलं. किस्से साठतात ते कडेला बसणारीकडे! तिला दुसरं कामच नसतं. मी शाळेच्या खो-खो संघात राखीव होते आणि त्याच वेळी कॉलनीतल्या मंडळाच्या संघातही राखीव होते. म्हणजे माझ्याकडे दोन्हीकडचा माल! घाटकोपरच्या आम्ही जुन्या मैत्रिणी जमलो की कुणीतरी म्हणतंच, "शुभे, सांग ना गं ते बाळादादांचं!" सांगते बापडी. ऐंशीच्या दशकातल्या गोष्टी आहेत, पण सांगताना माझं डोकं आजही तेवढंच तापतं.

*

बाकीच्या मुली चौथी-पाचवीपर्यंत खो-खो सुरू करतात. मी नववीत सुरू केला, आणि तोही काही ठरवून नाही.

आमचे पी.टी.चे गोगटे सर एक दिवस वर्गात आले आणि म्हणाले, "सगळ्यांत उंच कोण?" सगळ्या वर्गाची बोटं माझ्याकडे. सरांनी मला मैदानावर नेलं आणि एक चक्कर मारायला लावली. मी जीव खाऊन पळाले. परत आले तेव्हा सर कमरेवर हात ठेवून उभे होते.

"शुभांगी, तू पळतेस की बस गाठतेस?"

मी अजून धापाच टाकत होते.

"उंची आहे, बाकी काही नाही. त्या कॉलनीतल्या मंडळात जा आणि चार महिने घासून ये. मग बघू."

हे मी मुद्दाम सांगतेय. मला मंडळात सरांनीच धाडलं होतं! पुढे ते हे इतकं साफ विसरले की जणू मी घरातून पळून गेले होते.

पण एक मात्र झालं. त्या एका चकरेत मला त्या खेळाचं वेडच लागलं. मैदानात उतरायचं, मागे पोरगी लागलीय आणि आपण खांबाला वळसा घालून निसटतोय, आणि बाहेर लोक ओरडतायत! एकदा, फक्त एकदा, मला अख्खी मॅच खेळायची होती. याहून जास्त मी काही मागत नव्हते.

*

मंडळात शिकवायला बाळादादा होते. मूळचे मालवणकडचे. मरोळच्या एका कंपनीत पहिली पाळी करून यायचे आणि चहा पिऊन थेट मैदानात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हाक मारली, "पिंकी! हिका बघ गो जरा!"

मला वाटलं, कुणीतरी कॉलेजची मुलगी येईल. आली ती दहा वर्षांची चिमुरडी. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला.

"ताई, किती वर्षं खेळतेस?"

"आजपासून."

"अगं बाई!" असं म्हणून तिने कपाळावर हात मारला. तिला खेळून चार वर्षं झाली होती.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती मला वाकायला लावायची, बसायला लावायची, चुकले की चक्कर मारायला लावायची. मी दादांकडे तक्रार केली, की ही मला नावाने हाक मारते. दादा म्हणाले, "मैदानार जेचो अनुभव मोठो, ती मोठी. तू तिका पिंकीताई म्हण." वाट लागली! मी नववीतली घोडी त्या पाचवीतल्या पोरीला ताई म्हणायला लागले.

ती आमच्याच शाळेत होती आणि मी मॉनिटर. एकदा शाळेच्या फाटकावर उशिरा येणाऱ्यांची नावं लिहायची माझी पाळी होती. पिंकी दप्तर हलवत दहा मिनिटं उशिरा आली. मी वही उघडली आणि कडक आवाजात म्हटलं, "नाव?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "लिही, लिही. संध्याकाळी येतेयस ना?"

मी वही मिटली.

*

आता खरी डोकेदुखी. चार महिन्यांनी सरांनी मला शाळेच्या संघात राखीव म्हणून घेतलं, आणि मंडळातही मी राखीव राहिलेच. सकाळी शाळेच्या मैदानावर सर, दुपारी वर्ग, संध्याकाळी दादा. आणि दोघांचं शास्त्र एकदम उलटं!

सर म्हणायचे, "पाठीमागून खो मिळाला की आधी बघ, धावणारी कुठेय ते. मग ऊठ." दादा म्हणायचे, "आधी उठ गो! मगे बघ. बघत बसलंस तर ती पोचली कांजूरमार्गाक!"

सकाळी मी उठून बघितलं, की सर विचारायचे, "हे कुणी शिकवलं?" संध्याकाळी मी बघून उठले, की दादा विचारायचे, "ह्यां कोणी शिकवल्यान तुका?" दोन्ही वेळा खरं उत्तर दिलं आणि दोन्ही वेळा पाच चकरा पडल्या. शेवटी मी मनात घोकायला लागले, सकाळी बघ-ऊठ, संध्याकाळी ऊठ-बघ. घरी आई म्हणायची, "ही पोरगी अभ्यास कधी इतका घोकत नाही."

एकदा रविवारी मंडळाची दुपारीच प्रॅक्टिस होती. दुपारचं काय ते मी घोकलंच नव्हतं! पाठीमागून आवाज आला, "खो!" मी विचारात पडले. पुन्हा आवाज आला, "खो गं!" मी अजून विचारातच. तिसऱ्यांदा पाठीत धपाटा बसला, "अगं बये, खो दिलाय, ऊठ ना!"

जिला मला पकडायचं होतं ती मुलगी तोवर माझ्यासमोर येऊन थांबली होती. वाकून म्हणाली, "शुभा, बरं नाहीये का गं तुला? पाणी आणू?"

*

शाळेचा खेळाचा ड्रेस निळा, मंडळाचा लाल. मी आईला म्हटलं, दोन ड्रेस शिवावे लागतील. आई कुकरची शिटी मोजत होती. तिने मान वर न करता विचारलं, "कशाला? मळतो कुठे तुझा?"

असं तर मला सर-दादाही बोलले नव्हते! मी ताडकन उठून गॅलरीत गेले. तिथे बाबा पेपर वाचत होते. म्हणाले, "तिचं मनावर घेऊ नकोस." मला बरं वाटलं. मग पान उलटून म्हणाले, "राखीव मुलींनाही ड्रेस लागतो का गं?"

*

मी मंडळाच्या संघातही राखीव आहे हे सरांना कळलं आणि त्यांचा संताप झाला. त्यांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि कागद पुढे केला. "लिही. मी शाळेखेरीज अन्य कोणत्याही संघातून खेळणार नाही."

"सर, पण मी शाळेतून तरी कुठे खेळते?"

"तो प्रश्न वेगळा!"

लिहिलं. संध्याकाळपर्यंत ही बातमी दादांकडे पोचलीच. दादांनी वहीचं पान फाडलं. "लिही. मंडळ सोडून दुसऱ्या खंयच्या संघातसून खेळूचंय नाय."

"दादा, मला मंडळातून कधी उतरवलंत?"

"उतरवूक काय घाय आसा? आधी लिही!"

तेही लिहिलं. म्हणजे बघा, ज्या मुलीला दोघंही खेळवत नव्हते, तिने दुसऱ्याकडून खेळू नये म्हणून दोघांनीही लिहून घेतलं! मी त्या वयात वैतागून रडले नाही, याचं मला आज आश्चर्य वाटतं.

*

आणि मग तो रविवार. सकाळी शाळेची मॅच मुलुंडला, दुपारी मंडळाची मॅच चारकोपला. मी दोन्हीकडे हवी होते, कारण "ऐनवेळी कुणाला काय झालं तर?"

सकाळी मुलुंडला मी तीन तास बसले. कुणाला काही झालं नाही. मग दप्तरात लाल ड्रेस कोंबून, दोन बस बदलून, धापा टाकत चारकोपला पोचले. मॅच संपत आली होती. दादा म्हणाले, "इतक्या उशिरा? आताच तुका उतरवतलंय होतंय!" मी तिथे उरलेली पंधरा मिनिटं बसले.

सोमवारी सर म्हणाले, "काल मॅच संपल्या संपल्या कुठे गायब झालीस? दुसऱ्या मॅचला तुला उतरवणार होतो!"

एका दिवसात मुंबईच्या दोन टोकांच्या उपनगरांत जाऊन बसून आलेली मुलगी घाटकोपरमध्ये दुसरी सापडायची नाही. निदान तो विक्रम तरी माझ्या नावावर मांडा!

*

तसं मी अगदीच उतरले नाही असं नाही हं. एकदा उतरले होते.

शाळेची मॅच होती आणि शेवटच्या डावाआधी एकीचा पाय मुरगळला. सरांनी इकडेतिकडे बघितलं, दुसरं कुणीच दिसेना, तेव्हा माझं नाव नववं लिहिलं. आमची धावण्याची पाळी होती. धावायला तीन-तीनच्या तुकड्या उतरतात. पहिल्या तुकडीत सगळ्यांत तरबेज मुली, शेवटच्या तुकडीत माझ्यासारख्या. पहिल्या तिघी खूप वेळ टिकल्या. दुसऱ्या तिघीही टिकल्या. मी कडेला उड्या मारत मनातल्या मनात म्हणत होते, अगं आऊट व्हा गं, कुणीतरी आऊट व्हा! आपल्याच संघासाठी मी असा धावा करत होते, देवा, माफ कर.

शेवटी सहावी मुलगी बाद झाली. मी धावत मैदानात शिरले. उजवा पाय आत पडला, डावा अजून हवेतच होता, आणि फुर्रर्र! शिट्टी. वेळ संपली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर बाईंनी निकाल वाचला, "आणि शुभांगी शेवटपर्यंत नाबाद राहिली." टाळ्या! सर स्वतः येऊन पाठ थोपटून गेले.

*

मग मी दहावीत गेले. आईने स्पष्ट सांगितलं, दिवाळीनंतर मैदान बंद. बाबांकडे बघितलं, तर त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. म्हणजे दिवाळीआधीची आमच्या मंडळाने भरवलेली खुली स्पर्धा ही माझी शेवटची संधी. तिथे खेळले तर खेळले, नाहीतर जन्मभर दोन्हीकडची राखीव.

सरांनी या स्पर्धेत शाळेचं नाव दिलं, आणि ते फक्त बाळादादांना हरवायला. झालंही तसंच. फायनलला शाळा विरुद्ध मंडळ!

आणि त्याच आठवड्यात कॉलनीत डोळे आल्याची साथ आली. घराघरात लाल डोळ्यांची माणसं. शाळेच्या मुली पटापट गळाल्या आणि मला सोडून राहिल्या आठ. मंडळाच्याही गळाल्या, त्याही राहिल्या आठच. माझे डोळे ठणठणीत होते.

कॉलनीचं मैदान खचाखच भरलेलं. गॅलऱ्यांतून बायका वाकलेल्या, त्यात माझी आईसुद्धा. मी आत निळा आणि वर लाल असे दोन्ही ड्रेस घालून गेले होते, कारण काय होईल सांगता येत नव्हतं. पंच मुलुंडचे एक वयस्कर गृहस्थ होते, जाड भिंगाचा चष्मा लावणारे. त्यांनी शाळेची यादी वाचली. नववं नाव माझं. मंडळाची यादी वाचली. नववं नाव माझं. त्यांनी चष्मा पुसला आणि दोन्ही याद्या पुन्हा वाचल्या.

झालं! सर पुढे आले. "हिचं नाव आमच्या हजेरीपटावर आहे!"

दादा पुढे आले. "हिचो घाम आमच्या मैदानार सांडलो आसा!"

"मी तिला निवडलं!"

"मी तिका घडयलंय!"

"तिने मला लिहून दिलंय!"

"माका पण दिल्यान!"

दोघांनी खिशातून कागद काढले. पंचांनी दोन्ही वाचले. दोन्हीकडे माझीच सही, माझंच वळणदार अक्षर. लोक हसायला लागले. पण खरं सांगू? मला हसू येत नव्हतं, मला भरून आलं होतं. सबंध वर्षात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी भांडत होतं, आणि तेही आईच्या देखत!

एका हाताला सरांनी धरलं, दुसऱ्या हाताला दादांनी. पंच वैतागले. "सोडा तिला! आठ जणींवर खेळायला माझी हरकत नाही, पण ही मुलगी एकाच संघातून खेळेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाळ, तूच सांग. कुणाकडून खेळणार तू?"

गॅलऱ्यांतल्या बायका आणखी वाकल्या. दिवाळी आठ दिवसांवर होती. माझा आवाज चांगला खणखणीत निघाला.

"जो मला पहिल्या तिघींत उतरवेल, त्याच्याकडून!"

सरांनी माझा हात सोडला. दादांनीही सोडला. सरांनी दादांकडे बघितलं, दादांनी सरांकडे बघितलं. आधी बघावं की आधी उठावं यावर ज्या दोघांचं वर्षभर एकमत झालं नव्हतं, ते दोघं एकदमच पंचांकडे वळले आणि एका सुरात म्हणाले,

"आम्ही आठ जणी खेळवतो!"