दाजींनी न शोधलेला बिघाड

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी रहिमतपूरच्या आमच्या शाळेत घटक चाचणीचे पेपर तपासत बसलो होतो. शिपायानं ऑफिसात बोलावलं. पलीकडून अक्काचा धाकटा दीर बोलत होता. सकाळपासून दाजींच्या छातीत कळा येत होत्या. डॉक्टरकडे चला म्हणणाऱ्यांना त्यांनी गप्प केलं, हे पित्त आहे असं जाहीर केलं, लिंबूपाण्यात सोडा घालून मागवला आणि जेवणाची ताटं मांडायच्या आत गेले. फोन ठेवल्यावर मला आधी दुःख झालं नाही. याही वेळी निदान त्यांनीच केलं आणि याही वेळी दुसऱ्याला बोलू दिलं नाही, एवढंच मनात आलं. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल असं मनात येणं बरं नव्हे. पण आलं, आणि ते लपवून हा लेख लिहायचा असेल तर न लिहिलेलाच बरा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. रहिमतपूरपासून दोन कोसांवर त्यांचं गाव, नदीकाठची काळी जमीन, गावात शब्दाला वजन. मॅट्रिकनंतर त्यांच्याच घरी राहून मी कॉलेज केलं, त्यांच्याच ओळखीनं शाळेत विज्ञानशिक्षक म्हणून लागलो. हे उपकार मी कधी नाकारले नाहीत, आणि दाजींनीही मला ते कधी विसरू दिले नाहीत. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि खिशात लोक पेन लावतात तिथे एक छोटा पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर. त्या स्क्रू ड्रायव्हरनं त्यांनी एखादा स्क्रू पिळलेला मी पाहिला नाही. तो बोट दाखवायला होता. घरातलं घड्याळ मागे पडो, विहिरीवरची मोटार जळो, शेजारच्या म्हशीचा पान्हा आटो, दाजी स्क्रू ड्रायव्हर रोखून कारण सांगत. कारण चुकलं तर पुढचं सांगत. आधीचं चुकलं होतं, हे मात्र त्यांच्या गावीही नसे.

नव्वदीचं दशक सुरू झालं आणि दाजींच्या दारात ट्रॅक्टर आला. तो चालवायला आटपाडीकडचा बिरू आला. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणाऱ्या घरातला, पस्तिशीचा, कमी बोलणारा माणूस. इंजिनाचं काम तो सांगलीत एका मिस्त्रीच्या हाताखाली शिकला होता. बायको आणि एक मुलगी घेऊन तो दाजींच्या मळ्यातल्या खोलीत राहायचा. मुलगी मंगल माझ्याच वर्गात होती, आठवीत.

दुसऱ्या वर्षी ऐन नांगरटीच्या दिवसांत ट्रॅक्टर रुसला. जागेवर उभा असताना छान चालायचा. नांगर जमिनीत घातला, रेस वाढवली, की दुसऱ्या-तिसऱ्या तासाला, म्हणजे नांगराच्या फेरीला, नळकांड्यातून काळाकुट्ट धूर यायचा, इंजिन गुदमरल्यासारखं करायचं आणि बंद पडायचं. पाच मिनिटं थांबून सुरू केला की पुन्हा शहाणा. गावातल्या दहा-बारा जणांची रानं त्याच ट्रॅक्टरच्या भरवशावर पडून होती. वापसा, म्हणजे नांगरटीला हवी तेवढी ओल, निघून चालला होता, लोक रोज सकाळी दाजींच्या दारात येऊन उभे राहत.

दाजींना तर पर्वणीच मिळाली. पहिल्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, डिझेलच्या फिल्टरमध्ये कचरा आहे. फिल्टर बदलला. तिसऱ्या तासाला ट्रॅक्टर बंद. मग पाइपात हवा धरली आहे, हवा काढली. मग नोझल, चारही नोझल बदलले. मग पंप, पंप उतरवून सांगलीला नेला, दोन दिवस तिथं खुर्ची टाकून बसले आणि मिस्त्रीला पंप कसा दुरुस्त करायचा ते समजावून आले. दर वेळी बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "सापडलं!" दर वेळी ट्रॅक्टर जाऊन रानात मरायचा. बिरू सगळं मुकाट्यानं खोलत होता, बसवत होता. पंप परत आला त्या दिवशी तो पहिल्यांदा बोलला.

"मालक, डिझेलाचं काय न्हाई ह्ये. काळा धूर म्हंजी इंजिनाला हवा कमी पडतीया. हवेकडनं बघूया."

"एअर क्लीनर तूच साफ केलास न्हवं परवा?" दाजी म्हणाले.

"केला. पर तितनं इंजिनापतोर..."

"मला शिकवतो व्हय रं?"

बिरूनं पाने पिशवीत भरले. आणि त्या संध्याकाळी दाजींना नवं कारण सापडलं. मिस्त्री चुकला नाही, पंप चुकला नाही, दाजी तर चुकूच शकत नाहीत. मग राहिलं कोण? पारावर वीस-पंचवीस माणसं बसलेली असताना त्यांनी बाटलीतलं डिझेल नाकाशी धरलं आणि म्हणाले, "रॉकेल हाय ह्यात. ड्रायव्हर डिझेल काढून इकतोय आन वर रॉकेल वततोय. इंजिन का धूर टाकंल न्हाई तर!" शनिवारची शाळा आटोपून आलेला मी तिथं होतो. बाटली माझ्याही नाकाखाली आली. डिझेलचाच वास होता. मी ती पुढच्या माणसाकडे दिली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बिरूनं सकाळीच येऊन दाजींना हात जोडले. "मालक, कालचं डिझेल टाकीत तसंच हाय. तुमी समद्यांनी रानात चला. एक तास मारतो. मग काय म्हनायचं ते म्हना." लोक जमले होते म्हणून दाजी आले. मीही आलो. अक्का चहाची किटली घेऊन बांधावर होती.

बिरूनं आधी नेहमीसारखा नांगर घातला. धूर आला, ट्रॅक्टर बंद पडला. मग तो खाली उतरला, आणि एअर क्लीनरपासून इंजिनापर्यंत जाणारी हातभर लांबीची जाड रबरी नळी त्यानं काढून बाजूला ठेवली. पुन्हा चालू केला. उघड्या तोंडानं हवा ओढण्याचा मोठा आवाज आला, नांगर जमिनीत गेला, आणि ट्रॅक्टर बांधापासून बांधापर्यंत न थांबता गेला. नळकांड्याच्या तोंडाशी धूर असा नव्हताच. बिरूनं इंजिन बंद केलं आणि ती नळी आमच्यासमोर धरली. बाहेरून नवीकोरी. आत बोट घातलं तर रबराचा आतला थर सुटून लोंबत होता. इंजिन हळू चालतं तोवर तो कडेला पडून राही. जोर लागून हवा जास्त ओढली गेली की तो थर ओढला जाऊन नळीचं तोंड बंद करी. इंजिन बंद पडलं की पुन्हा कडेला.

इतकं स्वच्छ प्रात्यक्षिक मी वर्गातही कधी दाखवलं नव्हतं. योगायोग असा, की त्याच आठवड्यात मी आठवीला ज्वलन शिकवत होतो. हवा कमी पडली की इंधन अर्धवट जळतं आणि काजळी धरते, हे मी फळ्यावर लिहून दिलं होतं. मंगलनं ते वहीत उतरवून घेतलं असणार.

दाजींनी नळीकडे पाहिलंसुद्धा नाही. "हवेची गाळणी काढून उघडं इंजिन रानात चालवलंस? धूळ घालून माझ्या इंजिनाचं वाटोळं करतोस?" ते ओरडले. "आन डिझेलाचं म्हनशील, तर रात्रीत बदलून ठेवलं आसशील. चोराला काय शिकवायचं!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय मास्तर, बरोबर हाय का न्हाई?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. बिरूही. त्या गावात विज्ञान शिकलेला मी एकटा माणूस. मी म्हणालो, "तुम्ही म्हणता तसंही असू शकतं, दाजी."

...हे वाक्य मी आज पहिल्यांदाच कागदावर लिहितो आहे.

चार दिवसांनी बिरू शाळेत आला. मंगलचा दाखला हवा होता. दाजींनी त्याला काढून टाकलं होतं, आणि आजूबाजूच्या गावांत चोर ड्रायव्हरला कोण ठेवणार? वर्गशिक्षक म्हणून दाखला मीच भरला. शाळा सोडण्याचं कारण: पालकांचे स्थलांतर. सुवाच्य अक्षरात. बिरू कागद घेताना म्हणाला, "मास्तर, तुमी तितं हुता." मी म्हणालो, "मला ट्रॅक्टरमधलं काय कळतंय?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. नापास पोराकडे मी जसं पाहतो, तसं.

पुढच्याच आठवड्यात दाजी साताऱ्याला गेले आणि कागदात गुंडाळून नवी रबरी नळी घेऊन आले. ट्रॅक्टर चालू लागला. आणि दाजींच्या तोंडी एक गोष्ट तयार झाली. सगळे मिस्त्री हरले, सांगलीवाले हरले, मग मी डोळे मिटून नुसता आवाज ऐकला आणि सांगितलं, हवेची नळी बदला. लग्नात, जत्रेत, सोसायटीच्या बैठकीत ही गोष्ट मी सहा-सात वर्षं ऐकली. दर वेळी ते शेवटी माझ्याकडे पाहत आणि दर वेळी मी मान डोलवी. खोटं बोलणाऱ्याला आपण खोटं बोलतो आहोत हे निदान ठाऊक असतं. दाजींना तेही ठाऊक राहिलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात ती नळी खरोखरच त्यांनी शोधली होती.

तेराव्यानंतर देवळाच्या मंडपात शोकसभा झाली. माजी सरपंचांनी तीच गोष्ट सांगितली. "असा जाणकार पुन्हा होणे नाही. इंजिनातला बिघाडही ओळखला आणि घरातला चोरही ओळखला!" माना हलल्या. मग माझं नाव पुकारलं गेलं. मी उठलो, दाजी मोठ्या मनाचे होते असं म्हणालो, आणि बसलो.

दाजींच्या घरी आलो तर अक्का माजघरात जात्याला टेकून बसली होती. कर्ण्याचा आवाज तिथवर येत होता. मी समोर बसलो.  ती म्हणाली, "वसंता, तू तवाबी गप बसलास, आन आजबी."

"अक्का, तूही होतीस की बांधावर."

"व्हते. पर मला ह्याच घरात ऱ्हायचं व्हतं. तुला कुठं ऱ्हायचं व्हतं?"

 तीच पुढं म्हणाली, "आटपाडीच्या अलीकडं हाय त्यो. बाजाराला येणाऱ्या बायांकडनं कळतंय मला. जाऊन ये."

मी गेलो. एसटीतून उतरून विचारलं, तर कुणालाही विचारा, इंजिनवाला बिरू ठाऊक होता. लिंबाखाली विहिरीवरचं एक डिझेल इंजिन उघडून तो बसला होता. केस पांढरे झाले होते. मला पाहून ओळखलं, मानेनंच बसा म्हणाला आणि हातातलं काम पुरं होईपर्यंत अर्धा तास माझ्याकडे वळला नाही. इंजिन चालू झालं, त्यानं धुराकडे नीट पाहिलं, बंद केलं, हात पुसले. मी मंगलची चौकशी केली. "लगीन झालं. दोन लेकरं हायती. शाळा तवाच सुटली, हितं हायस्कूल लय लांब." मग मी दाजी गेल्याचं सांगितलं. त्यानं पाना पुसून पेटीत ठेवला. मी म्हणालो, "बिरू, तू चोरी केली नव्हतीस. मला त्या दिवशीच कळलं होतं. मी चुकलो."

इतक्या लांब येऊन, इतक्या वर्षांनी एवढं बोललो, म्हणून मला भरून आलं होतं. खोटं कशाला सांगू, तो माझा हात धरील असं वाटलं होतं. त्यानं धरला नाही.

"मास्तर," तो म्हणाला, "मी चोर न्हाई ह्ये मला म्हाईतच हाय. मला कशापायी सांगताय? गावाला सांगा."

म्हणून हे लिहिलं. दाजींचा तिरस्कार मी आयुष्यभर मनातल्या मनात केला आणि त्यालाच माझा प्रामाणिकपणा समजत राहिलो. त्यांना आपलं खोटं कळत नव्हतं. मला माझं कळत होतं. दोघांत कमी कोण, हे वाचणाऱ्यांनी ठरवावं.

अक्का म्हणाली आहे की हा लेख छापलेला अंक आला की ती पारावर कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घेणार आहे. तेव्हा पारावर बसलेल्या मंडळींनो, ऐका. बिरूनं डिझेल चोरलं नव्हतं. त्यात रॉकेल नव्हतं. बिघाड हवेच्या नळीत होता, तो बिरूनं शोधला, तुमच्यातल्या कित्येकांनी तो आपल्या डोळ्यांनी पाहिला, आणि मी तिथं उभा होतो.