कुलूपबाईचा पासवर्ड

२००७, गणपती उठल्यानंतरचा रविवार. स्थळ: कोथरूडमधला आमचा भाड्याचा फ्लॅट. हजर: मी, संध्या, मीनल आणि कुलूपबाई. गैरहजर: माझी ऐंशी पानांची फाईल.

कुलूपबाई यवतमाळची. आयटी कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची, घरी आमच्या. चहा ओतायला उठली तरी कॉम्प्युटर लॉक करून उठायची. "दोन मिनिटांत कोण येणार आहे?" असं विचारलं, की म्हणायची, "ज्याला यायचं असते, त्याला दोन मिनिटं पुरतात वं."

मी तेव्हा नोकरी सोडून घरून भाषांतरं करत होते. चौघींत मिळून एक कॉम्प्युटर आणि वायफाय. शिवाय मीनलचा लॅपटॉप. माझं पहिलं मोठं काम, एका यंत्राची माहितीपुस्तिका, सोमवारी द्यायचं होतं. वेळेत गेलं तर वर्षभराचं काम मिळणार. नाहीतर पुन्हा नोकरीचे अर्ज. आणि त्या सकाळी आमचं 'सगळ्यांचे' नावाचं फोल्डर रिकामं.

कुलूपबाईने आधी राउटरला कोणती यंत्रं जोडलेली आहेत ते पाहिलं. आमची दोन, दिसत होती तीन. मग ती शांतपणे मुख्य दारापाशी गेली. दाराच्या आतल्या बाजूला मी चिकटवलेली यादी होती: दूधवाला, गॅसचा नंबर, पाण्याच्या वेळा आणि सातव्या ओळीत वायफायचा पासवर्ड. गणपतीत अख्खी सोसायटी आमच्याकडे दर्शनाला येऊन गेली होती.

"यादी छान करतेस," ती म्हणाली. "पण दारावर काऊन लावून ठेवली?"

तिसऱ्या यंत्राच्या नावात खालच्या मजल्यावरच्या काकांचं आडनाव होतं. त्यांनी विचारताक्षणी कबूल केलं. "अहो, दारावर लिहिलेलं होतं, आम्ही सार्वजनिक समजलो. नव्या लॅपटॉपला ते वायफाय जोडलं, तर नेटवर्कवर कुणाच्यातरी फायली दिसल्या, साफ केल्या. फोल्डरवर 'सगळ्यांचे' म्हणून आपणच लिहिलंय."

वर येऊन कुलूपबाईने आपलं कपाट उघडलं. त्याला अर्थातच कुलूप होतं. आतून एक सीडी काढली. दर शुक्रवारी ती ते फोल्डर उतरवून ठेवायची. आम्हाला कधी बोलली नव्हती. गेली होती फक्त शनिवारची अकरा पानं. संध्या मूळ मजकूर वाचत गेली, मी टाइप करत गेले. तेवढ्या वेळात कुलूपबाईने मीनलच्या लॅपटॉपवर बसून राउटरचे पासवर्ड बदलले. पानं संपल्यावर कॉम्प्युटरवर प्रत्येकीचं वेगळं खातं केलं, सामायिक फोल्डर बंद केलं. नवा वायफाय पासवर्ड आम्हाला रांगेत बसवून पाठ करायला लावला. कागद मिळाला नाही.

सोमवारी दहा वाजता काम पोचलं. त्यावर माझं वर्ष निघालं, पुढे हा व्यवसाय उभा राहिला.

तिचा एक नियम होता: घर सोडून जाणारी गेली, की त्याच दिवशी पासवर्ड बदलायचा. संध्या लग्न होऊन गेली, बदलला. मीनल बंगळूरला गेली, बदलला. मग कुलूपबाईची हैदराबादला बदली झाली. रिक्षात बसताना म्हणाली, "आजच बदलजो बरं."

पुढे तोच फ्लॅट मी विकत घेतला. राउटर तीनदा बदलले. मागच्या दिवाळीत ती आली, चपला काढायच्या आधी फोनवर काहीतरी टाइप केलं आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"काय वं, अजून तोच?"

"बदलायचं यादीत आहे," मी म्हणाले.

खरंच आहे. सगळ्यात वरची ओळ, टिक न केलेली.